जिजीची मुलूखगिरी

दान टाकताना शिंक आली की लढाई थांबवायची, हा आमच्या जिजीचा पहिला नियम. तलवार उगारलेली असो, राक्षस अंगावर आलेला असो, शिंक म्हणजे शिंक. "शिंक उनी, दान बाद," असं म्हणून ती चिंचोके गोळा करायची आणि राक्षस बिचारा तसाच ताटकळायचा. नियमाला कारणही तसंच होतं. आम्ही बायका दुपारी पडवीत बसून वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडायचो, आणि मिरचीच्या ढिगापाशी कोण किती वेळ शिंकल्याशिवाय राहील?

जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. सगळं कोरीट गाव तिला जिजीच म्हणायचं. थोरले दीर सुरतेच्या गिरणीत होते, होळी-दिवाळीला यायचे. मूलबाळ नव्हतं. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं.

मी धुळ्याची. सातवी पास. शाळेत गोष्ट सांगायला उभी राहिले की मास्तरसुद्धा खडू खाली ठेवत. मराठीचं नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन कोरीटला आले, तेव्हा माझी अशी पक्की समजूत होती की आता या पडवीत दुपारी माझाच आवाज ऐकू येणार. पहिल्याच दुपारी मी घसा साफ केला. तेवढ्यात सासूबाई जिजीला म्हणाल्या, "मांड वं, मुलूखगिरी."

मग जे सुरू झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. जिजी एक मुलूख सांगायची. नदी, डोंगर, दरीतला चेटकिणीचा वाडा, सगळं हातवारे करून. त्या मुलखात प्रत्येकीनं एक सोंग घ्यायचं आणि आपण काय करतो ते आपणच सांगायचं. जमलं की फसलं, ते चिंचोके ठरवणार. चिंचोके मधोमध फोडलेले. सगळे पांढरे पडले तर घाव वर्मी, सगळे काळे पडले तर आपलंच हत्यार आपल्या पायावर. आणि जे बळ मागाल त्याला जोडून एक भ्याव घ्यायचं. शेजारच्या काशीमामी वैद्य होत्या. मेलेलं माणूस उठवायच्या, पण कुत्रं दिसलं की औषधाची पिशवी टाकून झाडावर. आमच्या सासूबाई, ज्यांनी उभ्या जन्मात मुंगी मारली नसेल, त्या दरोडेखोर होत्या. राजाचा खजिना लुटायच्या आणि स्वतःच्या स्वर्गवासी सासूला भ्यायच्या.

माझ्या तीन गोष्टी ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या, "बरी शे." जिजीच्या मुलखात त्या ओरडायच्या, मांडीवर थापा मारायच्या, भाकरी करपवायच्या. माझा जळफळाट झाला नसता तर नवल.

मी माझा खेळ काढला. त्यात भ्याव नाही, काळं दान नाही, सगळ्या जिंकणार. दोन दिवस बायका आल्या. तिसऱ्या दिवशी काशीमामी जांभई देत म्हणाल्या, मरायचंच नाही तर जगून काय करू? आणि जिजीकडे जाऊन बसल्या.

मग मी जिजीच्याच खेळात शिरले, तो मोडायला. म्हटलं, माझी राणी आहे, तिचा वार कधी चुकत नाही आणि तिला कशाचंच भय नाही. जिजीनं देठ खुडता खुडता वर पाहिलं.

"ज्याले भ्यावच नही, त्यान्हासाठे दान कसाले टाकानं?" ती म्हणाली. "ती तं जिकेलच शे. तिले घर धाड."

बायका हसल्या. मी चिडून म्हटलं, बरं, पाण्याला भिते. जिजीनं दुसऱ्याच दिवशी मुलखातल्या तापीला पूर आणला. माझी राणी चेटकिणीशी पात्रात लढली, चिंचोके सगळे काळे पडले आणि ती वाहून गेली; उठवायला काशीमामींना देहही सापडला नाही. सासूबाईंनी चक्क रदबदली केली, पोर नवी आहे, पुन्हा टाक. जिजी बधली नाही. मेलेल्या बाईनं पौर्णिमेपर्यंत खेळाबाहेर बसायचं.

बाहेर बसल्यावर मला एक दिसलं. खेळ संपला की सगळ्या भराभरा उठायच्या, उद्या काय होणार यावर बोलत आपापल्या चुलीकडे जायच्या. जिजी मागे एकटी. ढीग सारखा करायची, पडवी झाडायची. तिच्या मुलखाबद्दल सगळं गाव विचारायचं. तिला कोणी काही विचारत नसे.

एका सोमवारी सासूबाई आणि काशीमामी तापीकाठच्या प्रकाशा गावी देवदर्शनाला गेल्या. पडवीत आम्ही दोघीच. मी, कशी कोण जाणे, म्हणाले, "जिजी, आज तुम्ही सोंग घ्या. दान मी टाकते."

ती लाजली. इतकी, की पदर तोंडावर ओढला. सोंग तिनं कधी घेतलंच नव्हतं. मग पदराआडूनच म्हणाली, "मन्ही बाई धुळानी शे. शिकेल शे. तिन्ही गोट आयकाले मास्तर खडू खाले ठेवस."

मी चिंचोके मुठीत धरून बसले. मी तिच्यावर जळत होते, आणि ती माझ्यावर. आणि ही खडूची गोष्ट मी कधीतरी सासूबाईंना फुशारकीनं सांगितलेली; तिनं ती जपून ठेवली होती.

"तिला भ्याव कशाचं?" मी विचारलं.

"ते नंतर. पहिले ती काय करस ते आयक." जिजी मिरच्यांकडे बघत बोलू लागली. "ती तिन्ही मोठी जाऊजवळ जास. कामसाठे नही, खेळसाठे नही. आशीच बठस. आन इचारस, जिजी, तू जेवनी का?"

एवढं बोलून तिनं माझ्याकडे पाहिलं. दान टाकायची वाट बघत होती. पांढरं पडेल की काळं, याची तिला खरोखर धाकधूक होती.

मी चिंचोके खाली ठेवले. याला दान लागत नाही, म्हटलं. ढिगाला वळसा घालून तिच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं.

ती जेवली नव्हती. उन्हं कलली होती तरी. मी उठून हात धुतले, चूल पेटवली आणि दोघींसाठी पीठ मळायला घेतलं.