बिजल्याने पुरी केलेली पदयात्रा

परोपकार हातांनी करावा की पायांनी, याबद्दल जाणकारांत मतभेद असले, तरी तो सकाळी नाष्ट्याच्या आत उरकावा याबद्दल कोल्हापुरात एकमत आहे. आमच्या श्वानसंगत दानपदयात्रा समितीची उभारणी याच एकमतावर झाली. मी समितीचा सचिव. (बिनपगारी; फेटा मात्र समितीचा.)

यात्रेचा उद्देश उदात्त आहे. वाड्यावस्त्यांवरच्या जनावरांसाठी फिरत्या दवाखान्याची गाडी घ्यायची. त्यासाठी शहरातल्या प्रतिष्ठितांनी आपापले कुत्रे घेऊन कोल्हापूर ते कोडोली पायी जायचे आणि दानशूरांनी पायी चाललेल्या दर किलोमीटरला ठरलेली रक्कम द्यायची. लोक असे आकडे लावतात की ऐकणाऱ्याची छाती दडपते. एका दात्याचा आकडा ऐकून त्यांच्या पत्नीला घेरी आली होती. त्यांनी तिला बाजूला नेऊन यात्रेचा पूर्वेतिहास सांगितला, तेव्हा ती सावरली.

पूर्वेतिहास असा. यात्रा दसरा चौकातून हलगीच्या कडकडाटात निघते आणि पंचगंगेच्या पुलापर्यंत चालते. पुलावर फोटो होतात. पुलापलीकडे गाड्या उभ्या असतात. माणसे पुढे बसतात, कुत्री मागे बसतात आणि मंडळी थेट कोडोलीत जेवायला उतरतात. चार वर्षांत पायी झालेले अंतर सगळे मिळून सहा-सात किलोमीटर भरेल. (अध्यक्ष एकदा गॉगल विसरला म्हणून परत गेले होते, तेही धरून.) तेवढ्याचे दान दाते आनंदाने देतात, त्यातून पुढच्या वर्षीचे डिजिटल फलक निघतात. फलकावर दवाखान्याच्या गाडीचे चित्र असते. चित्र दरवर्षी सुधारत गेले आहे.

कोल्हापूरचा हात सढळ आहे, कारण त्याला दुसऱ्याच्या पायांची खात्री आहे.

या सुरळीत कारभारात तानाबाई नावाची एक मेंढपाळ बाई दरवर्षी विघ्न आणते. तिने तो फलक पाहिला, आणि पाहून खरा मानला. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिची निम्मी मेंढरं डॉक्टरपर्यंत न्यायच्या आधी वाटेतच मेली. तेव्हापासून ती गाडीची वाट पाहते आहे. यंदाच्या जानेवारीतही ती दुधाच्या टेम्पोत बसून पहाटे चौकात हजर झाली. सोबत बिजल्या नावाचा तिचा राखणीचा कुत्रा. गाडी कधी येणार, असे तिने विचारले. गाडी प्रक्रियेत आहे, असे मी सांगितले. (प्रक्रिया हे ठिकाण नेमके कुठे आहे, हे तिने विचारले नाही.)

परतीला टेम्पो नव्हता आणि एसटीत कंडक्टर कुत्र्याला घेईना. इकडे नियमानुसार प्रत्येक पदयात्रीजवळ कुत्रा हवा, आणि माझ्या घरी त्या विषयावर बोलायची सोय नाही. मी बिजल्याला कोडोलीला आणून सोडायचे कबूल केले. तिची मेंढरं तिथे सयाजी नावाच्या शेतकऱ्याच्या रानात होती. ऊस तुटून गेला की शेतकरी रात्री रानात मेंढरं बसवून घेतात. रानाला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य. कुत्रा नसेल तर मेंढरं बसत नाहीत. म्हणून दिवस मावळायच्या आत कुत्रा रानात पाहिजे, असे तिने मला बजावले आणि माझ्याकडे बोट करून बिजल्याला रोजच्या सवयीने सांगितले, "सगळ्यास्नी घेऊन ये रं. एकबी मागं ऱ्हायला न्हाय पायजे."

माझ्या हातून यात्रेचे जे काही भले झाले, ते एवढेच.

पुलापर्यंत सारे रीतीप्रमाणे झाले. अध्यक्ष विजयसिंहराव यांनी फोटो काढून घेतले, त्यांच्या लॅब्रेडॉरने काढून घेतले, आणि अध्यक्षांनी गाडीचे दार उघडले. बिजल्याने माझ्या हातातली साखळी हिसकली आणि अध्यक्षांच्या पोटरीला तोंड लावले. चावला नाही. समितीच्या व्याख्येप्रमाणे ती सूचना होती. अध्यक्षांनी ती स्वीकारली आणि ते रस्त्यावर आले. आणखी दोघांनी गाडीत शिरायचा प्रयत्न करून पाहिला. त्यांनाही सूचना मिळाल्या. मग बिजल्या मागे राहून डावीकडून उजवीकडे धावू लागला आणि शहरातले साठेक मान्यवर एकमेकांना खेटून कोडोलीच्या दिशेने चालू लागले. लॅब्रेडॉर तर सर्वांत आधी कळपात गेला.

पुढचा मार्ग अत्यंत शिस्तीत पार पडला. चहाच्या टपरीवर थांबलेले आणले गेले. एक माजी नगरसेवक उसात लपले होते, तेही चिखलासकट आणले गेले. वाटेतल्या गावांत लोक हार घेऊन उभे होते, पण मान वाकवायला थांबायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी हार लांबून फेकले. अर्ध्या वाटेवर अध्यक्षांनी मला विचारले, हे कुत्रे कुणाचे? मी म्हणालो, समितीचे. खरे सांगायला मला भीती वाटली.

दिवस मावळायला यात्रा सयाजीच्या रानात पोचली. बिजल्याने आम्हाला मेंढरांच्या शेजारी गोल करून बसवले आणि भोवती फेऱ्या मारू लागला. कोणी उठले नाही. उठण्याइतके पाय कोणाचे राहिले नव्हते. सयाजी कंदील घेऊन आला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "तानाबाय, मेंढरं बसवा म्हणलं हुतं. ही कसली जात आणलीसा? ह्यास्नी बसवून रानाला काय मिळायचं?"

तानाबाईचे डोळे भरले होते. तिने आमची धुळीने माखलेली पायताणं पाहिली, मोजल्यासारखी एकेकाची, आणि मला विचारले, "चालत आलासा न्हवं सगळी? मग आता गाडी येतीया."

दर किलोमीटरच्या हिशेबाने ते खरे होते.

दुसऱ्याच दिवशी दात्यांची तातडीची सभा झाली. एवढी उपस्थिती सत्काराच्या कार्यक्रमालाही नसते. मुद्दे असे निघाले, की भीतीने चाललेले अंतर दानास पात्र नाही. की पदयात्रींनी चालावे असा दात्यांचा हेतू कधीच नव्हता. आणि कुत्र्याने माणसांना नेले असल्यास ती पदयात्रा कुत्र्याची होते, त्याने स्वतंत्र अर्ज करावा. अध्यक्ष स्वतः मोठे दाते असल्याने त्यांनी सर्व मुद्दे मान्य केले. (ते उभे राहून बोलणार होते, उभे राहता आले नाही.) राखणीच्या कुत्र्यांना पुढील वर्षापासून बंदी झाली. निर्णय तानाबाईला कळवायची जबाबदारी सचिवावर आली.

मी गेलो. तिने ऐकून घेतले आणि चुलीत लाकूड सारले. बिजल्या मेंढरांकडे पाठ करून कोल्हापूरच्या रस्त्याकडे बघत उभा होता. ती म्हणाली, त्या दिवसापासून हा रात्रीचा बसतच नाही, कळपातली अजून काही मागं राहिल्यासारखं करतो. मग तिने त्याची साखळी सोडली.

फलक अजून चौकात आहे. त्यावर दात्यांच्या नावांत, वाचकहो, आपलेही नाव आहे, फोटोसह. आकडा आपणच लावला होता, आणि त्या सकाळी आपण घरीच होता, हेही समितीच्या नोंदीत आहे. बिजल्या पूल ओलांडून शहरात आला आहे आणि गल्लीगल्लीतून हुंगत फिरतो आहे. तो चावत नाही. दाराशी खरखर ऐकू आली, तर पायात चपला घालूनच दार उघडावे. कोडोली लांब आहे, आणि तिथे एक बाई अजून गाडीची वाट पाहते आहे.