पाचवा घटक

अठ्ठाविसाव्या पेपरातही चष्मेवाला निघाला, तेव्हा सरांनी लाल पेन टोपण न लावताच टेबलावर ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली.

"अगं, जरा बाहेर ये. मला तरी काहीतरी होतंय, नाहीतर या पोरांना तरी."

"रविवारी पेपर घेऊन बसलास की तुला होतंच काहीतरी," आतून उत्तर आलं. बायको काही बाहेर आली नाही. ती बरण्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवत होती आणि त्या कामात तिला व्यत्यय खपत नसे.

सर विद्यापीठात भूगोल शिकवत. एकतीस वर्षं शिकवत होते. रागावले की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत, आणि राग जितका जास्त तितक्या त्या एकमेकींना खेटून पडत. नकाशात चढ तीव्र असेल तिथे समोच्च रेषा दाटतात, अगदी तशा. म्हणून मुलं त्यांना 'समोच्च सर' म्हणत. सर वर्गात शिरले की पुढच्या बाकावरून मागे निरोप जाई, आज चढ किती आहे त्याचा.

प्रश्न साधा होता. वारा वाळू वाहून आणतो आणि टाकतो, ते कशाकशावर अवलंबून असतं? वाऱ्याचा वेग, वाळूचं प्रमाण, वाटेतले अडथळे, झाडाझुडपांचं आच्छादन. झाले चार घटक. मुलांनी ते चार लिहिले होते आणि त्याखाली पाचवा लिहिला होता: 'मागचा चष्मेवाला आज आला नाही.'

पहिल्या पेपरात हे वाचून सरांना वाटलं, पोराला ग्लानी आली असेल. दुसऱ्यात वाटलं, कॉपी. संध्याकाळपर्यंत साठातले एकेचाळीस झाले. काहींनी नुसतं वाक्य लिहून सोडून दिलं होतं. पण एवढंसं लिहिलं तर गुण कापतील, या भीतीने बऱ्याच जणांनी ते फुलवलं होतं. एकाने लिहिलं होतं, 'चष्मेवाला हा एक स्थानिक वारा असून तो मागून वाहतो. तो अनियमित असतो.' दुसऱ्याने त्याचे परिणाम दिले होते, 'चष्मेवाला न आल्यास संचयन खुंटते व परिसरात उदासीनता पसरते.' एकीने तर सुबक आकृती काढली होती. वाळूची टेकडी, तिच्याकडे येणारे चार बाण आणि पाचव्या, तुटक रेषेच्या बाणाखाली लिहिलेलं, 'चष्मेवाला, अनुपस्थित'.

सोमवारी सर वर्गात शिरले तेव्हा मागे निरोप गेला, सरळ कडाच आहे.

"एकेचाळीस जणांना शून्य," सर म्हणाले. "गुरुवारी हे पेपर परीक्षा समितीकडे जातील. सामूहिक कॉपी म्हणून."

एक मुलगी उठली. तिला सगळे 'टॉवर' म्हणत. तळघरातल्या प्रयोगशाळेत, जिथे कुणाच्याच फोनला रेंज येत नसे, तिथेही हिच्या फोनला येई. वर्गाची प्रतिनिधी तीच होती, आणि तिची शिष्यवृत्ती या परीक्षेच्या गुणांवर लटकलेली होती.

"सर, कॉपी नाही केली. पाठ केलंय आम्ही."

"चष्मेवाला पाठ केलात?"

"हो सर. नोट्समध्ये आहे तो."

सर तिला घेऊन आपल्या खोलीत आले. तिने फोन उघडून त्यांच्यापुढे धरला. 'भूगोल बचाव' नावाचा ग्रुप होता, दोनशे साठ जणांचा. सरांनी आयुष्यात पहिल्यांदाच तो मुलूख पाहिला. फळ्याचे फोटो होते. परदेशातल्या कुठल्याशा प्राध्यापकाचे व्हिडिओ होते. रोज सकाळी कुणीतरी पाच प्रश्न टाकायचं आणि उरलेले उत्तरं द्यायचे. मधेच कुणी रडका चेहरा टाकला होता, आणि त्याखाली नऊ जणांनी धीर दिला होता. खाली सरकता सरकता एक ओळखीचा आवाज लागला.

"हा मी आहे?"

"हो सर. तुमचे तास आम्ही रेकॉर्ड करतो. बसमध्ये ऐकतो, दुप्पट वेगाने."

"दुप्पट का?"

टॉवरने जमिनीकडे बघितलं. "तुम्ही वाक्यांच्या मधे खूप थांबता, सर."

सर थांबले. मग म्हणाले, "नोट्स दाखव."

फाइलचं नाव होतं 'सोन्याची खाण, शेवटची आवृत्ती, नक्की शेवटची'. पान सत्तावीस. सुरेख टाइप केलेले चार घटक आणि पाचवा चष्मेवाला.

"हे टाइप कुणी केलं?"

"कुणीच नाही. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचने हाताने लिहिलेल्या नोट्सचे फोटो काढले आणि अ‍ॅपला दिले. अ‍ॅपने अक्षर वाचून टाइप केलं."

"आणि तुम्हाला वाचताना काही खटकलं नाही?"

"खटकलं ना. ग्रुपवर चर्चा झाली. एकशे चौदा मेसेज. शेवटी असं ठरलं की तुम्ही हे वर्गात शिकवलं असणार आणि आम्ही तेव्हा फोनमध्ये असणार."

ते खरं असतं तर सरांना आश्चर्य वाटलं नसतं.

"या हाताच्या नोट्स कुठून आल्या?"

"समोरच्या झेरॉक्सकाकांकडून. सगळ्या बॅच तिथूनच घेत होत्या म्हणे, फोनच्या आधी."

दुपारचा तास संपवून सर रस्ता ओलांडून गेले. या दुकानापुढून ते रोज जात, पण पलीकडच्या पदपथावरून. ही त्यांची इतकी जुनी सवय होती की तिचं कारण त्यांनाही आठवत नसे. आत शाईचा आणि तापलेल्या कागदाचा तोच वास होता. त्या वासासरशी त्यांना एकदम बाविसाव्या वर्षीचे आपले हात आठवले, परीक्षेच्या आधी या काउंटरवर सुटे पैसे मोजणारे. तेव्हा एक पान झेरॉक्स करायचं म्हणजे विचार करावा लागे. बाकीचं हाताने उतरवायचं. उतरवता उतरवता पाठ व्हायचं, आणि ज्याची वही त्याचा स्वभावही कळायचा.

काकांचे केस पांढरे झाले होते. सरांनी पान सत्तावीसचं सांगताच ते हसले.

"वाऱ्याचं कार्य. चौतीस वर्षं चालतंय ते. मी स्वतः भूगोलात नापास झालो असतो, पण ते पान मला पाठ आहे."

"त्यात तो चष्मेवाला कुठून आला?"

"तो समासात आहे, सर. बारीक अक्षरात, पेन्सिलीने. आधीच्या पोरांना दिसायचं की हे बाजूचं आहे, ती सोडून द्यायची. आता मशीन वाचतंय. मशीनला समास कसा कळणार?"

त्यांनी खालचा खण ओढला आणि एक वही काढली. झेरॉक्स नव्हे, मूळ वही. खाकी वेष्टन, कोपरे झिजलेले, पहिलं पान गेलेलं. सरांनी ती उघडली, आणि त्यांच्या कपाळावरच्या सगळ्या रेषा एकाएकी सपाट झाल्या. प्रत्येक 'ळ'चं शेपूट पुढच्या शब्दाला जाऊन टेकत होतं. ते शेपूट ते रोज बघत होते. डाळ, गूळ, तीळ, सगळ्या बरण्यांवर.

"एक मुलगा टाकून गेला होता," काका सांगू लागले. "तेव्हा वडील बसायचे, मी हाताखाली असायचो. त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि दुकान चार दिवस बंद राहिलं. उघडल्यावर मी त्या मुलाची वाट बघितली. दोनदा दारात उभं राहून हाक मारली. तो मला बघून रस्ता ओलांडायचा."

सरांनी वही मिटली.

"तुम्ही इथे नोकरीला लागलात ना सर, त्याच दिवशी ओळखलं मी. केस कमी झाले होते, पण चाल तीच. म्हटलं, कधीतरी येतील न्यायला."

"एकतीस वर्षांत एकदाही बोलला नाहीत?"

"तुम्ही पलीकडून जात होता."

चौकशी संपली होती. फुटलेल्या नोट्सचा उगम सापडला होता, आणि तो वही काखेत मारून पायऱ्या उतरत होता.

घरी जाताना सरांना सगळं सविस्तर आठवलं. ही वही त्यांनी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीकडून एका दिवसासाठी मागून घेतली होती. दुकान बंद झालं. दुसऱ्या दिवशी तिने वही मागितली, तेव्हा, दुसऱ्याची वही न विचारता झेरॉक्सला टाकली हे सांगायची हिंमत न झाल्यामुळे, ते म्हणाले होते, "बसमध्ये हरवली." ती रडली नाही. म्हणाली, "मग तुझी वही दे." पण सरांचं अक्षर त्यांच्याशिवाय कुणालाच लागत नसे. त्यामुळे परीक्षेपर्यंत रोज वाचनालयात तिच्या शेजारी बसून त्यांनी आपलीच वही तिला वाचून दाखवली. पाचव्या दिवशी दुकान उघडलं. ते गेले नाहीत.

तिचा पहिला वर्ग तीन गुणांनी हुकला. सरांना मिळाला. ती सर्वेक्षण खात्यात नकाशे काढायला लागली, सर प्राध्यापक झाले, आणि दोघांचं लग्न झालं. पुढे भांडण टॉवेलवरून सुरू होवो की पंख्याच्या वेगावरून, शेवट ठरलेला असे: "ज्याने माझी वही बसमध्ये हरवली, त्याने मला व्यवस्थितपणा शिकवू नये."

त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. वाक्यांच्या मधे न थांबता.

बायकोने पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि वही पहिल्यापासून चाळली. बराच वेळ. सर उभेच होते.

"चार दिवस दुकान बंद होतं," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी?"

"उघडलं."

"मग?"

"वही परत मिळाली असती तर तू वाचनालयात माझ्या शेजारी बसली नसतीस."

तिने एक पान उलटलं. "म्हणजे हरवली नव्हतीस. लपवली होतीस."

"हो."

"आणि मी तुला इतकी वर्षं वेंधळा समजत होते. तू तर लबाड निघालास."

सर हळूच म्हणाले, "तीन गुण गेले तुझे."

"गेले." ती खिडकीकडे बघत राहिली. "वाईट वाटलं होतं रे मला. तुला कधी दाखवलं नाही, पण खूप वाटलं होतं. वर्ष-दोन वर्षं तू कामावर निघालास की वाटायचं, ती प्राध्यापकाची पिशवी माझ्या खांद्यावर असायला हवी होती." मग ती खुर्ची सरकवून म्हणाली, "बस आता. उभा राहून गुडघे दुखतील, मग मलाच तेल चोळावं लागेल. मी नद्या काढल्या तीस वर्षं. मी काढलेल्या नदीवरून पूल बांधले लोकांनी. ते काही वाईट नव्हतं."

सर बसले. माफी मागावी असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांनी ती मागितली. तिने मान हलवली. दिली की नाही ते स्पष्ट झालं नाही, पण चहा ठेवायला उठली.

दोन घोट झाल्यावर सरांच्या मनात दुसरंच काहीतरी वर आलं. त्यांनी वही सत्ताविसाव्या पानावर उघडली.

"हा कोण?"

बायकोने डोकावून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं वय भराभर उतरलं. "अगंबाई. हे मी लिहिलं होतं?"

"अक्षर तुझंच आहे. मला चष्मा बेचाळिसाव्या वर्षी लागला."

"मागे बसायचा एकजण. दुसऱ्या सत्रानंतर यायचा बंद झाला."

"नाव काय त्याचं?"

"नाव विचारायला माणूस रोज यावा लागतो."

"आणि मी कुठे बसायचो तेव्हा?"

"तू पुढे. सारखे प्रश्न विचारायचास. तुझ्यामुळे तास लांबायचा."

मंगळवारी सरांनी वर्गात शून्यं मागे घेतली. प्रश्न पुन्हा लिहायचा, शुक्रवारी, चारच घटक. चूक मूळ नोट्समधली आहे आणि त्या नोट्स बाहेर पडल्या त्याला आपण जबाबदार आहोत, एवढं त्यांनी सांगितलं. वर्गाला ते नीटसं समजलं नाही, पण चढ उतरलेला पाहून कुणी खोलात गेलं नाही. टॉवरने मात्र विचारलं, "सर, वही कुणाची आहे?"

"माझ्या पत्नीची."

वर्गात कुजबुज झाली. टॉवर म्हणाली, "मग मॅडम ग्रुपवर येतील का? बऱ्याच पानांवर अ‍ॅपने घोळ घातलाय. तुमच्या तासापेक्षा त्या नोट्स... म्हणजे, तासाला पूरक आहेत त्या."

मॅडम आल्या. पहिल्या तासाभरात त्यांना छप्पन्न प्रश्न आले. टेबलावर वही, शेजारी फोन, आणि त्या एकेक पान पुन्हा सांगत होत्या, चूक सुधारत होत्या, मधेच कुणाला दटावत होत्या. सरांनी एका प्रश्नाला उत्तर टाकून पाहिलं. खाली लगेच कुणीतरी लिहिलं, 'सर, मॅडमचं येऊ द्या आधी.'

अडचण एकच होती. चौतीस वर्षांमागचं स्वतःचं घाईतलं अक्षर तिला सगळीकडे लागत नव्हतं. ती डोळे बारीक करी, वही दिव्याखाली धरी, आणि चिडे. सर पलीकडे वर्तमानपत्र धरून बसले होते.

"इकडे ये," ती शेवटी म्हणाली. "हे काय लिहिलंय बघ. तुला लागतं माझं अक्षर."

सर खुर्ची ओढून शेजारी बसले. तिने वही दोघांच्या मधे ठेवली आणि समासावर आपला तळहात आडवा पसरला, वरपासून खालपर्यंत.

"एवढंच वाच," ती म्हणाली.

सरांनी तेवढंच वाचलं.