झुंबकाची भाकरी

आमच्या सरूवहिनी रोज संध्याकाळी एक भाकरी जास्तीची थापतात. ताटलीत घालून ओसरीच्या कठड्यावर ठेवतात आणि म्हणतात, "ही झुंबकाची." थोड्या वेळानं त्यांची शेळी ती फस्त करते. वहिनींना दिसत नाही, रिकामी ताटली चाचपून त्या म्हणतात, "जेवला गडी." शेळीचं त्यांना ठाऊक आहे की नाही, यावर आमच्या पिंगळी गावात दोन पक्ष आहेत. त्यांना खुळ्यात मात्र सगळ्यांनीच काढलंय. त्यात दोष माझा, म्हणून हे लिहितोय.

झुंबक हा सात भागांच्या एका जादूच्या कादंबरीतला नावाडी. धुक्याच्या नदीत होडी चालवतो आणि पाण्याला भितो. वहिनींची नात मुक्ता पुण्याला शिकायला गेली, ती ही पुस्तकं इथं ठेवून. काचबिंदूनं वहिनींची नजर नेलेली. मी त्यांचा धाकटा दीर. बायको गेल्यावर रिकामाच होतो. दुपारी वाचून दाखवू लागलो.

कादंबरीचा नायक राजकुमार त्यांना पटला नाही. "त्याला घोडा हाय, तलवार हाय, वर बाप राजा. माझ्या झुंबकाला कोन हाय?" आभाळ आलं की आधी झुंबकाची काळजी, मग वाळवणाची. शेजारणीला म्हणायच्या, "आमचा झुंबक आजून नदीपल्याडच हाय, बाई."

"कोन, माहेरकडचा का?"

"माहेरचाच."

चौथ्या भागात झुंबक बुडून मरतो. ती ओळ समोर आली आणि माझी जीभ अडली. वहिनी मान पुढं काढून ऐकत होत्या. मी वाचलं, "आणि झुंबक पोहत काठाला लागला."

"पोहत? त्याला कुठं येतंय?"

"जिवावर बेतलं की येतं."

"शाब्बास रे वाघा!" आणि बक्षिसाची सुपारी माझ्या हातावर.

पुढचे तीन भाग मी पापात काढले. मेलेल्या माणसाला रोज उठवून कामाला लावायचं, खेळ नाही! पुस्तकात नदी नसली तर मला खणावी लागे. झुंबक राक्षसांना ठेचा चारू लागला. एकदा भर दरबारात राजाला म्हणाला, "सायब, डोस्कं ठिकानावर हाय का?" वहिनी पोट धरून हसल्या.

सातवा भाग संपला आणि मुक्ताचा फोन आला, दिवाळीला येतेय. आली की पहिला विषय झुंबक निघणार. तिनं बोलता बोलता त्याला मारण्यापेक्षा मीच सांगावं, म्हणून गेलो.

"वहिनी, झुंबक चौथ्या भागातच गेला. पुढचं मी मनचं सांगितलं. माफ करा."

त्यांचा थापता हात थांबला नाही.

"ठाऊक हाय. चवथ्यापतूर तो 'मी जात आहे' म्हनायचा. मंग एकदम तुमच्यावानी 'मी जायलोय' म्हनाया लागला. बुडाल्यावर मानसाची बोली बदलती व्हय, भावजी?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"माझी जाऊ गेल्यापासून तुमी चार शब्द बोलत नव्हता. झुंबकाच्या तोंडून का हुईना, बोलाया लागलात. मी कशाला आडवू?"

भाकरी उतरली. सवयीनं मी कठड्यावरची ताटली पुढं केली. वहिनींनी शेळीला हाकललं आणि भाकरी माझ्याच हातावर ठेवली.

"झुंबकाची हाय, खावा. आन सांगा, गडी आता कुठं निघालाय?"

मी भाकरीचा एक घास मोडून खाल्ला.

"येलदरीच्या धरनावर जायलोय," मी म्हणालो. "पानी पाहून भ्याव वाटायलंय, पन जायलोय."