पेडणेकर भाऊंची पॉकेट आवृत्ती

पेडणेकर भाऊंकडे जेवायला बसलं की ते समोर खुर्ची ओढतात, पोटावर हाताची घडी घालतात आणि तुमच्या तोंडाकडे टक लावून बघत बसतात. स्वतः जेवत नाहीत. तुमच्या जेवणाचं धावतं वर्णन मात्र करतात.

“हां, आता तो रस्सा वड्यात मुरू दे. घाई नको. आता उचल. कसा लागता? अरे, नुसती मान काय हलवतोस? सांग ना, मेल्या! खोबरं लागलं की मिरी आधी लागली?”

तोंडात कोंबडी असताना या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. ‘छान आहे’ हे उत्तर चालत नाही. “छान काय, छान तर वर्तमानपत्रावर ठेवलेली भेळपण असते,” असं म्हणून भाऊ तुम्हाला पुन्हा परीक्षेला बसवतात.

भाऊ आमचे शेजारी. लालबागला आमची चाळ होती तेव्हाही भिंतीला भिंत लागून होतो आणि चाळ जाऊन टॉवर आला तेव्हाही एकाच मजल्यावर आलो. चाळीत भाऊ जिना उतरताना दिसले की वर चढणारा माणूस मुकाट मागे फिरायचा, असा त्यांचा देह. आणि देहाला शोभेल असं जेवण. गिरगावातल्या एका छापखान्यात ते लग्नपत्रिकांची मुद्रितं तपासायचे. ज्या पत्रिकेतल्या चुका आपण काढल्या, त्या लग्नाचं जेवण आपल्याला लागू, असा त्यांचा सरळ हिशोब. आमंत्रण वेगळं लागत नसे. पंगतीत भाऊ बसले की वाढपी आपसांत खुणा करायचे आणि एक जण भातासाठी तिथेच थांबायचा.

मग साखर वाढली. गुडघे गेले. आमच्याच लिफ्टपासून दारापर्यंत येताना भाऊ दोनदा भिंतीला टेकायला लागले. डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. भाऊ म्हणाले, “मरेन, पण पोटाला कात्री लावणार नाही.” यावर शालिनी वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, “तुम्ही गेल्यावर मी रांधू कोणासाठी?” दुसऱ्या दिवशी भाऊ मुकाट्याने तपासण्या करायला गेले.

ऑपरेशननंतर मी भेटायला गेलो तर खाटेवरून त्यांनी जाहीर केलं, “पोटाची नवी आवृत्ती निघाली रे. पॉकेट साइज!”

तेव्हापासून घरातलं सगळं जेवण छापखान्याच्या भाषेत गेलं. आधी नुसती पेजेची निवळ आणि सूप, मग सगळं कुस्करलेलं, मग मऊ, आणि बऱ्याच दिवसांनी आपल्यासारखं जेवण. तेही लहान मुलाच्या वाटीत, लहान मुलाच्या चमच्याने. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, आधी मासे, अंडं, डाळ, मग भाजी, आणि जागा उरली तरच भात. भाऊंनी त्याचा अर्थ लावला, “मासे हा मजकूर. भाजी ही तळटीप. भात म्हणजे जाहिरात, जागा उरली तर घ्यायची.” बाईंनी मासे खा म्हटल्यावर त्यांना एवढं भरून आलं, की त्यांनी त्या बाईंना वाकून नमस्कार करायचं तेवढं बाकी ठेवलं. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर थोडा वेळ जाऊ द्यायचा, हे त्यांना सर्वांत जड गेलं. आणि घास चावायचा म्हणजे किती! पार पातळ होईपर्यंत. एखादा घास घाईने गेलाच तर तो आला तसा परत यायचा. भाऊ तोंड धुऊन बाहेर येत आणि गंभीरपणे सांगत, “शुद्धिपत्र निघालं.”

भाऊंच्या पुतण्याच्या साखरपुड्याला परळच्या हॉलमध्ये तर मोठाच प्रसंग झाला. आम्ही सगळे फोटो काढण्यात गुंतलेले बघून भाऊंनी गरम जिलब्या हाणल्या. कापलेल्या पोटाला एकदम एवढं गोड सोसत नाही; थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला, छातीत धडधडायला लागलं. त्यांना जवळच्या खोलीत नेऊन आडवं केलं. ती नेमकी नवरीची खोली. नवरीच्या चार मावश्या त्यांना वारा घालतायत आणि नवरी मेकअप अर्धवट टाकून कोपऱ्यात उभी! घटकाभराने भाऊंनी डोळे उघडले आणि म्हणाले, “जिलबीने गेम केला.” घाबरलेल्या वहिनी इतक्या संतापल्या, की टॅक्सीत त्या पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. त्यानंतर भाऊंनी गोडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गोळ्या वेळेवर, चालणं रोज, तपासण्या सांगितल्या की लगेच. साखर उतरली, गुडघे वळायला लागले. जुन्या शर्टात आता दोन भाऊ मावतात.

पण दुसऱ्यांना जेवायला घालायचं वेड मात्र याच काळात लागलं. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस लिफ्ट सोडून भाऊंकडे वडे खाताना सापडला. सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याची तक्रार ऐकायला आले आणि ढेकर देत, तक्रार विसरून गेले. आम्ही मजल्यावरचे लोक तर हक्काचे. माझी बायको म्हणायची, “स्वतःला खाता येत नाही ना, म्हणून दुसऱ्याच्या तोंडाने खातात.” मलाही तेच वाटायचं. बिचाऱ्याची जीभ अजून जुन्याच मापाची आहे, असं आम्ही हसून म्हणायचो.

एका रविवारी माझंच पोट बिघडलं होतं. भाऊंनी दार वाजवलं. मी म्हटलं, “भाऊ, आज नको. सकाळपासून नुसतं ताकावर आहे.”

एरवी त्यांनी मला ओढतच नेलं असतं. त्या दिवशी त्यांनी मागे आपल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“ये रे. घासभर खा, वाटलं तर उरलेलं लपवून ने. पण ये. सकाळपासून उभी आहे ती ओट्याशी.”

मी दार ओढून घेऊन बाहेर आलो.

“तुला ठाऊक नाही,” भाऊ म्हणाले. “ऑपरेशन करून घरी आलो ना, तेव्हा सवयीने हिने टोपभर आमटी केली. मी चार चमचे पाणी प्यालो. टोप तसाच फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी तेच. मग हिने टोपच वर ठेवून दिला, माळ्यावर. स्वतःपुरता खिचडीचा गोळा शिजवायची. एकदा बघितलं तर ओट्यासमोर उभी, गॅस बंद, हात नुसते कट्ट्यावर. मी म्हटलं, काय गो? तर म्हणते, काही नाही, काय करायचं ते आठवत नाहीये. अरे, लग्न झाल्यापासून ही बाई मला वाढतेय. मी ‘अजून’ म्हटलं की हिचा दिवस सार्थकी लागायचा. मला वाचवायला हिनेच ऑपरेशन करायला लावलं, आणि हिच्याच हाताला काम राहिलं नाही. पोट माझं कापलं रे. हिचा टोप कशाला लहान करायचा?”

मी गेलो. सुकं मटण होतं. रात्री मला त्याचे सगळे परिणाम भोगावे लागले, पण त्या दुपारी मी वहिनींकडे दोनदा ‘अजून’ मागितलं. त्यांचा चेहरा बघून तिसऱ्यांदाही मागितलं असतं.

परवा दुपारी त्यांचा डबा परत द्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. दोघं टेबलाशी बसली होती. हे मला नवीन होतं. वहिनी आधी भाऊंना वाढणार आणि मग ओट्याशी उभ्या उभ्या चार घास खाणार, हे मी लहानपणापासून बघत आलोय. पण आता भाऊंचं एक वाटीभर जेवण इतका वेळ चालतं, की वाढणारीने उभं तरी किती राहायचं? वहिनी आपलं ताट घेऊन समोरच बसल्या होत्या. त्यांचं जेवून झालं होतं, हात वाळला होता, तरी उठल्या नव्हत्या. काहीतरी सांगत होत्या. भाऊ चावत होते, म्हणजे त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणजे वहिनींचं बोलणं अध्येमध्ये तुटत नव्हतं.

मला बघून भाऊंनी हाताने बस म्हटलं. घास पूर्ण गिळला आणि डोळे मोठे करून म्हणाले, “तुला ठाऊक होतं, हिला होडी वल्हवता येते? गावच्या खाडीत, बापाबरोबर! परकर खोचून! मला आज कळतंय.”

“गप जेवा,” वहिनी म्हणाल्या. लाजल्या होत्या.

भाऊंनी छोट्या चमच्याने पुढचा घास घेतला आणि डाव्या हाताने खूण केली, हं, पुढे सांग.