वितळण्यापूर्वीची बिअर

आमच्या सान इसिद्रो गावात दारू सोडण्याची रीतसर पद्धत आहे. बायको नवऱ्याला मानगुटीला धरून चर्चमध्ये नेते, तो ग्वादालुपेच्या मातेसमोर शपथ घेतो आणि पाद्री त्याला मुदत लिहिलेले कार्ड देतात. कार्ड खिशात असेपर्यंत त्याला कोणी आग्रह करीत नाही.

एलेउतेरियो बारागान हा गावच्या बँडमधला ट्यूबावादक, म्हणजे भलामोठा पितळी भोंगा फुंकणारा. नगराध्यक्षांच्या सासूबाईंच्या अंत्ययात्रेत त्याने मनापासून वाढदिवसाची धून वाजवली, तेव्हा त्याच्या बायकोने, ओतिलियाने, त्याला वर्षभराची शपथ घ्यायला लावली. "परत प्यायलास तर तो भोंगा घेऊन तुझ्या आईकडे राहायला जा," असेही बजावले. एलेउतेरियोची आई वारलेली असल्यामुळे धमकी गंभीर होती.

त्याने शपथ पाळली. मग ईस्टरनंतरच्या एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून दोघे चौकातल्या एर्मिनियामावशीच्या गाडीवर आली. मावशीकडे अव्होकाडोपासून डुकराच्या तळलेल्या कातडीपर्यंत सगळ्याचे आइस्क्रीम मिळते. ओतिलियाने चिंचेचे घेतले. एलेउतेरियोने हळूच कोपऱ्यातल्या एका डब्याकडे बोट दाखवले. पहिला घास जिभेवर गेला आणि त्याचे डोळे भरून आले.

"काय खातोयस रे?" ओतिलियाने विचारले.

"आइस्क्रीम."

"कसलं?"

"गार."

तिने त्याचे तोंड हुंगले आणि कपासकट त्याला चर्चच्या पायरीवर नेले.

"पाद्रे, ह्यानं शपथ मोडली!"

पाद्रे आन्सेल्मो विचारी गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, शपथ न पिण्याची आहे. खाण्याचा त्यात उल्लेख नाही."

"अहो, पण आत बिअर आहे!"

"ते चाखल्याशिवाय कसं सांगू?"

एका कपात निर्णय होईना. प्रश्न कायद्याचाही असल्यामुळे नगरपालिकेचे मद्यनिरीक्षक रुतिलिओ यांना पाचारण करण्यात आले. चौकात मद्यपानास मनाई असल्याने गाडी बंद करावी लागेल, असे त्यांनी उभ्या उभ्या जाहीर केले.

"साहेब, जत्रा तोंडावर आलीय," मावशी रडकुंडीला आली. "गाडी बंद झाली तर मी खाऊ काय?"

"पुरावा जप्त करावा लागेल, मावशी. मोठा डबा द्या."

पुराव्याची तपासणी संध्याकाळपर्यंत चालली. शेवटी पाद्रे आणि निरीक्षक या दोघांनी, एकमेकांच्या खांद्याला धरून, व्याख्या दिली: गोठलेले ते अन्न, वितळलेले ते पेय. ग्राहकाने वितळण्यापूर्वी खावे. कपाच्या तळाशी द्रव आढळल्यास मद्यप्राशन समजण्यात येईल. गाडीजवळ एक पोलीस नेमला गेला. तो ओठांवरचे थेंब तपासू लागला.

पुढच्या रविवारी गावातले सगळे कार्डधारी रांगेत होते. कायद्याच्या भीतीने ते भराभर खात आणि पुन्हा रांगेत लागत. ज्या बायकांनी नवऱ्यांना मानगुटीला धरून नेले होते, त्या आता "ह्यांना हल्ली गोडाची आवड लागलीय" असे कौतुकाने सांगू लागल्या. दारूच्या गुत्त्याचा मालक गुमेर्सिंदो माशा मारीत बसला. नंतर त्यालाही शहाणपण सुचले. तो पेल्यात बिअर ओतून वर बर्फाचा खडा टाकू लागला आणि सोबत चमचा देऊ लागला.

"हे आइस्क्रीम?" रुतिलिओंनी पाहणीत विचारले.

"हो साहेब. जरा सैल झालंय. उन्हाळा आहे ना."

साहेबांनी चमचा पाहिला आणि मंजुरी दिली.

गावातली दारूविक्री अशा रीतीने शून्यावर आली. राज्यपालांनी 'व्यसनमुक्त गाव' म्हणून सन्मान घोषित केला.

इकडे एलेउतेरियोने त्या रविवारनंतर आइस्क्रीमला हात लावला नव्हता. सन्मानसोहळ्याच्या आधी तो पाद्रेंकडे गेला आणि कार्ड परत करू लागला.

"मला पहिल्यापासून शपथ द्या, पाद्रे. तुमची व्याख्या खरी असेल, पण माझ्या जिभेला कळलं होतं. ती बिअरच होती."

पाद्रे घामाघूम झाले. "अरे बाबा, तुझं ते पिणं ठरलं, तर बाकीच्यांचं काय ठरेल? माझं काय ठरेल?"

एलेउतेरियो हलेना. अखेर पाद्रेंनी नवे कार्ड दिले, मात्र कारण लिहिले: 'व्यसन आटोक्यात येत नाही.' त्यामुळे अख्ख्या सान इसिद्रोमध्ये अधिकृत दारुडा एकच उरला.

ऐन सोहळ्यात त्याला बँडमधून वगळून ट्यूबासकट मागच्या रांगेत बसवण्यात आले. राज्यपालांच्या प्रतिनिधीला दोन्ही बाजूंनी धरून मंचावर चढवले गेले, कारण तो नाश्त्याला आइस्क्रीम खाऊन आला होता. नगराध्यक्षांनी अडखळत भाषण केले: "एक... एकच दुर्दैवी अपवाद वगळता..." सगळ्यांनी मागे वळून पाहिले. एलेउतेरियोची मान खाली गेली. ओतिलिया उठली, त्याची अवजड ट्यूबा तिने स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "चल घरी. इथं फार वास येतोय."

ती दोघे गेल्यावर आम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्या. ज्यांना उभे राहता आले नाही, त्यांनी बसून वाजवल्या.

बाहेरगावचे पाहुणे कधीकधी विचारतात, ही व्याख्या तुम्हाला खरोखर पटते का? आम्ही वाद घालत नाही, एक कप पुढे करतो. दुसऱ्या कपानंतर तोच प्रश्न विचारणारा आजवर भेटलेला नाही.

तुम्ही कधी येताय?