धुमाळांचं कॅलगरी

आमच्या शेजारच्या धुमाळांना कुठल्याही गावाचं नाव सांगा, ते लगेच विमानाच्या हिशेबात शिरत. एकदा मी सहज म्हणालो, "उद्या निघोज्याला जायचंय." धुमाळ गंभीर झाले. "चाकणच्या चौकातल्या गर्दीतून? आवं सर, तेवढ्यात विमान दिल्लीला टेकतं."

माणूस मूळचा बीडकडचा. आकुर्डीच्या कारखान्यात प्रेस मशीनवर उमेदीची वर्षं गेली, निवृत्तीनंतर काळेवाडीत आमच्या इमारतीत आले. स्वतः विमानात कधी बसले नव्हते. पण एकुलता एक मुलगा नितीन कॅनडात कॅलगरीला गेला आणि यांना हा नाद लागला.

कपाटावर पृथ्वीचा गोल असे. घरात कुणी आलं की चहाआधी गोल खाली. त्यावर सुतळी ताणून धुमाळ सांगत, "कुठून जाते बघा. पार वरून, बर्फावरून! नकाशात वाकडं दिसतं, पण तेच जवळचं." आतून वहिनींचा आवाज येई, "सुतळी द्या इकडं. पापडाचा डबा बांधायचाय." सुतळी आत जाई आणि कॅलगरी तेवढ्यापुरतं अर्धवट राही.

"दोन ठिकाणी विमान बदलायचं. थांबे धरून एक दिवस अन् वर चार-पाच तास," हे दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ऐकून झालं होतं. मला तर पाठच होतं.

नितीन मात्र कित्येक वर्षं आला नव्हता. तिथं कायम राहण्याचे त्याचे कागद अडकले होते. मधेच देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. वहिनी कधी गप्प बसल्या की धुमाळ म्हणत, "कामून तोंड पाडतीस? जवळच हाय की."

वहिनी एका सकाळी चहा ठेवता ठेवता गेल्या.

घर माणसांनी भरलं. वहिनींचे भाऊ म्हणाले, "अग्नी पोरानंच द्यायचा. बर्फाची पेटी आणू, थांबू." तेवढ्यात नितीनचा फोन आला. धुमाळांनी तो स्पीकरवर टाकला. नितीन रडत होता. "बाबा, तिकीट मिळतंय. निघतो मी. कागदांचं व्हायचं ते होऊ दे. थांबाल ना?"

सगळे धुमाळांकडे पाहू लागले. हा हिशेब त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता?

"तीन दिवस लागतात, बाळा," धुमाळ म्हणाले. "मधी थांबे लई हायेत. आईला एवढं ठेवता येत न्हाई. तू तिथंच थांब."

वहिनींच्या भावाला ते पटेना. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तीन दिवस? खरंच का हो, सर?"

धुमाळ माझ्याकडे पाहत नव्हते. मी मान हलवली. "हो. तीन दिवस."

अग्नी धुमाळांनीच दिला. घाटावर नितीनला दिसावं म्हणून मी फोन धरून उभा होतो. त्याचा चेहरा त्या छोट्या पडद्यावर मावत नव्हता.

परतताना रिक्षात आम्ही दोघंच होतो. धुमाळ म्हणाले, "तिच्याशी खोटं न्हाई बोललो, सर."

मी त्यांच्याकडे वळलो.

"तोंडात पाणी घालताना कानात सांगितलं तिला. म्हटलं, पोरगं निघालं होतं गं. उद्या दारात असतं. मीच नको म्हणालो."