लोड काढा

वीज कचेरीचे साहेब येणार म्हटल्यावर खुशालरावांनी ठरवलं, साहेबांना घाम येऊ द्यायचा नाही. घामानं चिंब झालेला साहेब काय डोंबलाचं ऐकणार? त्यांच्या बाजूची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून दोन महिने झाले होते. विहिरीत पाणी होतं, पण मोटर बंद; घरातला पंखाही बंद. संत्र्याची झाडं डोळ्यांदेखत माना टाकत होती. नवी डीपी साहेबांच्या एका शब्दावर अडली होती आणि त्या शब्दासाठी खुशालरावांचा जीव टांगणीला लागला होता.

पुतण्याच्या कॉम्प्युटर क्लासातून त्यांनी मोठा यूपीएस आणला. त्याची बॅटरी बसलेली, त्यामुळे त्याला बाहेरून वीज लागणार होती. गल्लीपलीकडच्या ओळीला दुसऱ्या डीपीची लाइन होती. तिथल्या अब्दुल सत्तारभाईंकडून वायर ओढायचं ठरलं. पंचाईत एकच. यूपीएसची पिन चांगली जाडजूड आणि सत्तारभाईंकडे बल्ब-टेपरेकॉर्डरपुरता बारीक पॉइंट.

"भाऊ, याले झेपणार नाही हे. जळून जाईन," सत्तारभाई म्हणाले.

"करंट तो करंट. बारकी पिन लावून देऊ, त्याले काय समजते?" असं म्हणत खुशालरावांनी जाड पिन छाटलीसुद्धा.

सत्तारभाई भला माणूस. गाद्या भरायचं त्यांचं दुकान. साहेबांना टेकायला म्हणून त्यांनी दुकानातले चार कोरे लोडही वरून आणून दिले.

साहेब आले. कूलर, दोन पंखे, सगळं यूपीएसवर भन्नाट सुरू. साहेब लोडाला रेलले, सरबत प्यायले आणि डोळे मिटून म्हणाले, "खुशालराव, तुमच्याकडे लाइन तर झकास आहे. मग नवी डीपी कशाला हवी?"

खुशालराव घाईघाईनं म्हणाले, "साहेब, हे लाइन आमची नाही जी."

"मग कोणाची?"

आता काय सांगणार? नाव घ्यावं तर सत्तारभाई गोत्यात. खुशालरावांनी साहेबांचा पेला पुन्हा सरबतानं भरला.

तेवढ्यात पलीकडून सत्तारभाई ओरडले, "भाभी, लोड काढा! पह्यले लोड काढा, बोर्ड तापून राहिला!"

कूलरच्या घरघरीत खुशालरावांच्या बायकोला, मैनाबाईंना, तेवढं 'लोड काढा' ऐकू आलं. "घ्या! साहेब टेकून बसले अन् याईले आत्ताच माल पाहिजे," त्या पुटपुटल्या. पण वस्तू दुसऱ्याची. त्यांनी तीन लोड उचलले आणि चौथा साहेबांच्या पाठीमागून ओढला. साहेब उताणे.

तेवढ्यात पलीकडे फट्ट आवाज झाला. कूलर थांबला, पंखे थांबले. वितळलेली पिन फडक्यात धरून सत्तारभाई धावत आले आणि न विचारताच सगळं सांगून बसले. "माह्याच घरची लाइन दिली, साहेब. याईचे झाडं मरून राहिले, पाहवत नाही."

साहेब उठून बसले. कपाळ निथळत होतं. "म्हणजे तुम्ही रोज या भट्टीत बसता?"

"नाही जी," खुशालराव खालमानेनं म्हणाले. "रोज निंबाखाली बसतो. आज तुमच्यासाठी घरात बसलो."

साहेब उठले. बाहेर निंबाखाली जाऊन त्यांनी फोन लावला आणि डीपी उद्याच पाठवायला सांगितली. खुशालरावांचे डोळे भरून आले.

मैनाबाईंनी मात्र लगबगीनं सतरंजी आणून अंथरली. "बसा नं साहेब अजून जरा," त्या म्हणाल्या. "गावच्या रस्त्याचंही बोलून घेऊ."